साक्षीच्या वेळी उठवत नाही: एका ताईंच्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. अहमदनगर जिल्ह्यातल्या (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण माझ्या जिभेवर अजून नगरच आहे) एका ताईंचे पती दोन वर्षं डायलिसिसवर होते. मंडळीने, म्हणजे चर्चच्या लोकांनी, साखळी प्रार्थना केल्या, उपास-प्रार्थना केल्या, घरातून दशांश, म्हणजे मिळकतीतला देवाचा दहावा हिस्सा, कधी चुकला नाही. गेल्या जुलैत ते गेले. मातीच्या तिसऱ्या दिवशी बाहेरगावचा एक उपदेशक घरी येऊन सांगून गेला, ‘बाई, देव बरं करायला तयार होता, तुमच्या घरात विश्वास कमी पडला.’ तेव्हापासून रविवारी साक्षीची, म्हणजे देवाने आपलं काय भलं केलं ते उठून सांगायची, वेळ आली की ताईंना उठवत नाही. कुणी नोकरीची साक्ष देतं, कुणी मुलीच्या नर्सिंगच्या प्रवेशाची, सगळे ‘देव चांगला आहे’ म्हणतात आणि यांच्या तोंडून गाणंसुद्धा फुटत नाही. त्यांनी तीन गोष्टी विचारल्या आहेत. देवाची कृपा आमच्या घरावरून उठली का? पुढच्या महिन्यात वर्षाची स्मरणार्थ उपासना आहे, तिथे मला साक्ष द्यायला सांगितलंय, देऊ का? आणि मंडळीत तबला वाजवणारा माझा मुलगा देवळात यायचाच बंद झालाय, त्याला काय सांगू?

मी ३८ वर्षं पाळक होतो. बराच काळ नगर जिल्ह्यातल्या खेड्यांत आणि शेवटची ९ वर्षं एका दवाखान्यात रुग्णांसाठी प्रार्थनासेवा केली. डायलिसिसचा विभाग माझ्या फेरीत असे. तेवढ्या अनुभवावर लिहितो.

ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो, कारण तुमची झोप त्याच्यावर अडली असणार. नाही, उठली नाही. आणि तुमचे पती तुमचा विश्वास कमी पडल्यामुळे गेले नाहीत. त्यांची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास रक्त यंत्रातून फिरवून माणूस जगवता येतो, पण हृदयावर त्याचा भार पडत राहतो. हे तुम्हाला डॉक्टरांनी सांगितलंच असेल. मी पुन्हा सांगतोय, कारण दुःखात माणूस डॉक्टरांचं विसरतो आणि उपदेशकाचं लक्षात ठेवतो.

‘विश्वास कमी पडला’ हे वाक्य बोलणाऱ्याच्या फार सोयीचं असतं. रोगी बरा झाला तर श्रेय त्याच्या प्रार्थनेला, नाही झाला तर खोट घरच्यांत. दोन्हीकडून त्याचा माल खपतो. असं बोलणाऱ्याने एकदा गेथशेमाने बागेत जाऊन हे वाक्य म्हणून पाहावं. तिथे वधस्तंभाच्या आदल्या रात्री प्रभू येशूने तीनदा प्रार्थना केली, हा दुःखाचा प्याला टळून जावो म्हणून. प्याला टळला नाही. कुणाचा विश्वास कमी पडला म्हणायचा तिथे? प्रेषित पौलाच्या शरीरात काटा होता, म्हणजे काहीतरी दुखणं होतं, तो जावा म्हणून त्यानेही तीनदा विनवलं. काटा राहिला, उत्तर मात्र मिळालं: माझी कृपा तुला पुरे आहे. हाच पौल आपल्या शिष्याला, तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या अगदी शेवटी, निरोपाच्या चार ओळींत लिहून जातो की त्रफिम आजारी होता म्हणून त्याला मिलेतात ठेवून आलो. ज्याच्या अंगावरचे रुमाल नेऊन लोक बरे झाले, तो पौल आपल्या सोबत्याला आजारी सोडून पुढे जातो. त्रफिमाला बोल लावत नाही की स्वतःला. मला ही ओळ फार आवडते. उपदेशात ती कुणी घेत नाही, कारण तिच्यातून काही ‘निघत’ नाही. दवाखान्यात मला तिनेच जास्त आधार दिला.

आता माझीही एक चूक कबूल करतो, नाहीतर मी त्या उपदेशकावरच दगड मारत बसेन. पाळक होऊन मला दोन वर्षं झाली होती. एका वस्तीवर चार वर्षांचं पोर तापाने गेलं. मातीच्या वेळी मी ठरलेलं वाक्य बोललो, देवाला आपल्या बागेसाठी एक कळी हवी होती, ती त्याने खुडून नेली. बोलताना मला ते फार सुंदर वाटलं होतं. सगळं आटोपल्यावर हातपाय धुवायला गेलो, तर पोराची आजी तांब्या घेऊन उभी. माझ्या हातावर पाणी ओतत ती हळूच म्हणाली, ‘साहेब, आमच्या दारात मोगरा आहे. आम्ही कळी खुडत नाही. उमलल्याबिगर हात लावत नाही.’ एवढंच बोलली आणि राहिलेलं पाणी पायावर ओतलं. त्या दिवसानंतर ते वाक्य मी कधी उच्चारलं नाही. देव चांगला आहे हे सांगताना आपण त्याला त्या आजीहून कमी दयाळू ठरवत नाही ना, हे बघायची सवय मला त्या तांब्याभर पाण्याने लावली.

बायबलमधल्या ईयोबाची मुलंबाळं, मालमत्ता, तब्येत सगळं गेलं. त्याचे तीन मित्र आले तेव्हा सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले. तेवढंच त्यांचं बरोबर होतं. तोंड उघडलं आणि बिघडलं. शेवटी देव त्यांच्यावर रागावतो आणि म्हणतो, माझ्याविषयी तुम्ही बरोबर बोलला नाहीत, माझा सेवक ईयोब बोलला. आणि ईयोब तर किती कडू बोलला होता! जन्माचा दिवस शापला, देवालाच कोर्टात खेचायची भाषा केली. तरी ‘बरोबर’ बोलल्याची पावती त्यालाच मिळाली. तुम्ही पत्रात लिहिलंय की रात्री देवाशी भांडते, आणि त्याची लाज वाटते. लाज वाटून घेऊ नका. तुम्ही अजून त्याच्याशीच बोलताय.

कृपेकडे येतो. आपली अर्धी अडचण मराठी शब्दातच आहे, असं मला पुष्कळ वर्षांपासून वाटतं. कृपा हा शब्द आपण बायबलमधून शिकत नाही, घरातून आणि कचेरीतून शिकतो. ‘साहेबांची कृपा आहे तोवर बदली होत नाही.’ ‘देवाच्या कृपेने पोरं मार्गी लागली.’ ‘यंदा पावसाने अवकृपा केली.’ म्हणजे कृपा ही वरच्याची मर्जी, आणि मर्जी म्हटली की ती फिरू शकते. कृपेच्या पाठीला अवकृपा चिकटलेलीच असते. घर चाललं की कृपा, घर बसलं की अवकृपा. तुमचा पहिला प्रश्न, ‘कृपा उठली का?’, हा या घरगुती मराठीतला प्रश्न आहे. नवस करणारा शेजारी तोच विचारतो: देव का कोपला? आपण बाप्तिस्मा घेतला, गळ्यात क्रूस घातला, पण हिशेबाची वही जुनीच ठेवली.

यावर लगेच ‘हे बाहेरच्यांचं वळण’ म्हणून नाक मुरडू नये. देवाशी देण्याघेण्याचा व्यवहार करणाऱ्या भक्तीवर तुकोबांनी ओढलेत तेवढे कोरडे आमच्या पाळकांनीही ओढलेले नाहीत. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले आपले कवी नारायण वामन टिळक म्हणत की तुकारामांच्या पुलावरून मी ख्रिस्ताकडे आलो. आपल्याकडच्या पुष्कळांनी पूल ओलांडला आणि व्यवहार मात्र अलीकडच्याच काठावरचा सोबत नेला.

नव्या करारात ज्या ग्रीक शब्दाला आपण कृपा म्हणतो तो ‘खारिस’. देणगी, आणि देणाऱ्याचं मन, दोन्ही त्यात येतं. पौल रोमकरांस लिहिताना तो मजुरीच्या शेजारी ठेवून दाखवतो: काम करणाऱ्याला जे मिळतं ते कृपा नव्हे, ते त्याचं येणं आहे. तुमच्या भागात हे समजवायला ग्रीक लागत नाही. पाथर्डी-शेवगावकडच्या माझ्या मंडळीत निम्मी घरं ऊसतोडीला जाणारी होती. हंगामाआधी मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो, नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, आणि मग पाच-सहा महिने ती उचल फेडत ऊस तोडायचा. आजारपण आलं, बैल गेला, उचल फिटली नाही, की पुढच्या वर्षी पुन्हा त्याच मुकादमाच्या फडावर. आमचे पुष्कळ विश्वासणारे तारणाकडे असंच बघतात. वधस्तंभ म्हणजे देवाने दिलेली उचल, आणि आता आयुष्यभर कोयता. दशांश दे, उपास कर, उपासनेला खाडा नको. एवढं करून घरात मरण आलं की वाटतं, वहीत कुठेतरी आपली बाकी राहिली असणार. मुकादमाच्या वहीला हे शोभतं. देवाने मात्र उचल दिलीच नाही. त्याने दिलं, आणि वही ठेवली नाही. इफिसकरांस लिहिलंय ते हेच: कृपेने तारण झालं, ते तुमच्या हातून झालं नाही, ते देवाचं दान आहे.

प्रभूने द्राक्षमळ्याच्या मजुरांचा दाखला सांगितला तो इथे फार उपयोगी पडतो, आणि तो आपण चुकीच्या टोकाकडून वाचतो. धनी पहाटेच मजूर लावतो, एका दिनाराला, म्हणजे तेव्हाची एका दिवसाची मजुरी. मग सकाळी, दुपारी, तिसऱ्या प्रहरी, आणि दिवस मावळायला एक तास उरला असताना पुन्हा अड्ड्यावर जातो. तिथे काही जण उभेच असतात. का उभे? ‘आम्हाला कुणी कामाला लावलं नाही म्हणून.’ सकाळी मजूर अड्ड्यावर उभं राहिलेल्याला माहीत असतं, शेवटपर्यंत कोण उरतं. म्हातारा, खोकणारा, हडकुळा, एका हाताने अधू. संध्याकाळी धनी त्यांनाही पूर्ण दिनार देतो, कारण घरी चूल तासाच्या हिशेबाने पेटत नाही. पहाटेचे मजूर कुरकुरतात. तेव्हा धनी विचारतो, मी चांगला आहे म्हणून तुझ्या डोळ्यांत का खुपतंय? मराठीत आपण ‘उदार’ वाचतो, पण मूळ शब्द साधा ‘आगाथोस’ आहे, चांगला. देवाचा चांगुलपणा आणि देवाची कृपा माझ्या मते इथे एकमेकींना भेटतात, आणि नेमकं इथेच तो चांगुलपणा काहींना अन्याय वाटतो.

तुम्हाला हा दाखला का सांगतोय? आपण ‘देव चांगला आहे’ म्हणतो ते बहुतेक वेळा पहाटेच्या मजुरासारखं म्हणतो. काम केलं, मिळालं, म्हणून चांगला. शेजाऱ्याच्या मुलीला प्रवेश मिळाला ती आनंदाची गोष्ट आहे, साक्ष जरूर द्यावी. पण आमच्या मंडळ्यांत साक्षीच्या वेळी फक्त निकाल लागलेलेच उठतात. नापास झालेला उठत नाही, गर्भपात झालेली उठत नाही, तुम्ही उठत नाही. मग ऐकणाऱ्याला वाटतं, देवाचा चांगुलपणा फक्त त्याच बाकांवर बसतो. हा दोष तुमचा नाही. मी पाळक असताना तो माझा होता, कारण माईक माझ्या हातात होता.

बायबलमधल्या स्तोत्रसंहितेत असं नाही. दीडशे स्तोत्रांपैकी जवळजवळ एक तृतीयांश विलापाची आहेत. ८८ वं काढून वाचा. पुष्कळ विलापस्तोत्रं शेवटी वळतात, स्तुतीवर येतात. हे येत नाही. हिब्रूत त्याचा शेवटचा शब्दच ‘अंधार’ आहे. तरी ते देवाच्या लोकांच्या गाण्याच्या पुस्तकात ठेवलं गेलं, कुणी कापून टाकलं नाही. म्हणजे असंही गाता येतं.

आणि २३ वं, जे मातीच्या वेळी हमखास वाचतात. त्यात एक गोष्ट मला दवाखान्यातल्या पलंगाशेजारी वाचता वाचता दिसली, आधी किती वर्षं दिसली नव्हती. हिरवी कुरणं, संथ पाणी, तिथे गाणारा देवाविषयी बोलतो: तो मला नेतो, तो माझा जीव ताजा करतो. मृत्यूच्छायेच्या दरीत पाऊल पडलं की भाषा बदलते: ‘तू’ माझ्याबरोबर आहेस. दरीत शिरल्यावर ‘तो’चा ‘तू’ होतो. शेवटच्या ओळीत मराठीत आपण म्हणतो की चांगुलपणा व दया मला ‘लाभतील’. हिब्रूतलं क्रियापद ‘रादाफ’ आहे, पाठलाग करणं, शत्रूच्या मागे सैन्य लागतं तसं मागे लागणं. लाभणं म्हणजे आपल्या पदरात पडणं. पाठलागात आपण पुढे तोंड करून चाललेले असतो आणि मागे कोण आहे ते दिसत नाही. तुम्हाला आज चांगुलपणा दिसत नाही म्हणता, त्याचं मला नवल वाटत नाही.

पंडिता रमाबाईंचं नाव आपण केडगावच्या मुक्ती मिशनसाठी, निराधार बायका-मुलींच्या आश्रमासाठी घेतो, त्यांच्या दुःखाचा क्रम मात्र कुणी लावून बघत नाही. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात वडील, आई आणि मोठी बहीण उपासमारीने गेली. मग भाऊ गेला. लग्न झालं, आणि दोन वर्षं व्हायच्या आत, १८८२ मध्ये, पटकीने नवरा गेला. मुलगी मनोरमा वर्षाचीही नव्हती. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. इतकं होऊनही पुढे कितीतरी वर्षं आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता, असं त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. संस्कृत पंडिता, बाप्तिस्मा झालेली, विधवांसाठी शारदा सदन चालवणारी बाई म्हणते की तारण फुकट आहे हे मला फार उशिरा कळलं! मग आपण कोण? त्यानंतर १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात जाऊन भुकेल्या मुली केडगावला घेऊन आल्या. ज्या भुकेने त्यांचं घर खाल्लं, त्याच भुकेच्या तोंडातून त्यांनी शेकडो मुली ओढून काढल्या. पण ‘यासाठीच देवाने आईवडील नेले’ असं मी म्हणणार नाही, आणि तुम्हाला कुणी तुमच्याबाबत म्हणालं तर उठून चहा टाकायला जा. १९२१ मध्ये मनोरमाही गेली, आईच्या हयातीतच. रमाबाई त्याही दुःखात पवित्र शास्त्राच्या, म्हणजे बायबलच्या, मराठी भाषांतराचं काम करत होत्या, खेड्यातल्या बाईला समजेल अशा भाषेत. पुढच्या वर्षी, ५ एप्रिल १९२२ ला, त्या गेल्या. हे आयुष्य बाकी वजा करून ‘चांगलं’ ठरतं का? मला तो हिशेब येत नाही. पण कृपा हा शब्द त्यांनी वापरला की मी कान देतो.

तुमच्या पत्रात एक ओळ कंसात आहे. तुम्ही लिहिलंय की पहाटे साडेपाचला दवाखान्यात पोहोचायचं म्हणून शेजारचे रिक्षावाले भाऊ आठवड्यातून तीनदा यायचे, जाताना पैसे घ्यायचे, येताना घ्यायचे नाहीत. ‘येताना मी माझ्याच घरी येतोय, तुम्ही सोबत बसला’ असं म्हणायचे. दोन वर्षं. ताई, नवरा घेतला आणि रिक्षा दिली असा तो सौदा नाही, तसं मी सांगणार नाही. फक्त ती ओळ कंसातून बाहेर काढा, एवढंच सुचवतो. तो माणूस ख्रिस्ती नाही असंही तुम्ही लिहिलंय. प्रभू म्हणतो, बाप आपला सूर्य चांगल्यावर आणि वाइटावर उगवतो. त्याला आपल्या मंडळीच्या रजिस्टरमधूनच माणसं घ्यावीत असं काही बंधन नाही.

त्या उपदेशकाने जाताना ‘विश्वासाचं बी पेरा’ म्हणून दानाचं पाकीट ठेवलं, तेही तुम्ही लिहिलंय. ते पाकीट परत करा किंवा चुलीत घाला. देवळाला द्यायचं तर सणाला द्या, जसं आपण नेहमी देतो. एका दुष्काळी वर्षी आमच्याकडे कापणीचा सण आला तेव्हा कापणीच नव्हती. वेदीजवळ दरवर्षी ज्वारीच्या पेंढ्या, भोपळे, कोंबड्या असतात, त्या वर्षी चार-दोन पिशव्या. एका म्हातारीने अंडं आणलं. एकच, पदराच्या टोकात बांधून. उपासनेनंतर लिलाव सुरू झाला. अंडं मुख्याध्यापकांनी घेतलं, वीस रुपयांना, आणि ‘पुन्हा देवाला’ म्हणून परत टेबलावर ठेवलं. मग ते किराणावाल्याने घेतलं, त्यानेही परत ठेवलं. सात वेळा ते अंडं विकलं गेलं. प्रत्येक वेळी म्हातारी हसत होती आणि ओरडत होती, ‘आरं फुटंल!’ शेवटी घेणाऱ्याने ते तिच्याच हातावर ठेवलं. तिने घरी नेऊन नातवाला उकडून घातलं असणार, मला दुसरं काही वाटत नाही. बी पेरून शंभरपट घेण्याच्या उपदेशात हे अंडं कुठे बसवायचं ते मला कुणी सांगावं.

एक सूचना मध्येच, कारण दवाखान्यात मी याचे परिणाम पाहिलेत. तुमच्या ओळखीत कुणी डायलिसिसवर किंवा साखरेच्या, रक्तदाबाच्या गोळ्यांवर असेल आणि त्याला कुणी ‘विश्वासाने बंद करा’ म्हणालं, तर लगेच घरच्यांना सावध करा. पौलाने तीमथ्याच्या पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितला. उपास सांगितला नाही.

आणि कृपा फुकट म्हणजे स्वस्त, मग कसंही वागा, असा अर्थ काही जण काढतात. पौलाला हे आधीच ठाऊक होतं, रोमकरांसच्या सहाव्या अध्यायात त्याने ते दार लावून घेतलंय. तुमचा प्रश्न तो नाही, म्हणून मी तिथे थांबत नाही.

आता स्मरणार्थ उपासना. साक्ष द्यायची सक्ती नाही. पाळकसाहेबांना आधीच निरोप द्या की मी बोलणार नाही, माझ्याऐवजी स्तोत्र वाचा. कोणतं वाचायचं तेही तुम्हीच सांगा. ८८ सांगितलंत तर ते जरा बिचकतील, तरी सांगा. बोलावंसं वाटलंच तर जे घडलं तेवढं बोला. दोन वर्षं पाणी वाटीने मोजून दिलं. ते शेवटपर्यंत अमुक अमुक गाणं गुणगुणायचे. रिक्षावाले भाऊ यायचे. मला अजून गाता येत नाही. ‘देव चांगला आहे’ हे वाक्य त्या दिवशी तुमच्या तोंडून आलं नाही तरी तुमच्यासाठी ते दुसरे म्हणतील. मंडळी त्यासाठीच असते. चौघांनी पक्षाघाती माणसाला बाजेसकट उचलून, छप्पर उसकटून प्रभूपुढे सोडलं, तेव्हा मार्क लिहितो की येशूने ‘त्यांचा’ विश्वास पाहिला. बाजेवरच्याने काय विश्वास धरला होता ते लिहिलेलं नाही. सध्या तुम्ही बाजेवर आहात. काही दिवस असू द्या.

‘रडू नका, ते प्रभूत झोपलेत’ म्हणणारेही येतील. आपला मित्र लाजर याच्या कबरेवर प्रभू रडला, आणि पाचच मिनिटांनी आपण याला उठवणार हे त्याला माहीत होतं. थेस्सलनीकाकरांना पौल ‘दुःख करू नका’ एवढंच सांगून थांबत नाही, आशा नसलेल्यांसारखं करू नका, असं सांगतो. आशा ठेवून रडता येतं. मी माझ्या बायकोला मातीत ठेवलं तेव्हा तेच केलं.

राहिला मुलगा. त्याला काही सांगू नका. अठरा वर्षांचा पोरगा, बापाच्या हाताला डायलिसिससाठी शिरा जोडून केलेला फिस्तुला रोज पाहिला, मग माणसं घरात येऊन म्हणाली विश्वास कमी पडला. त्याने देवळाकडे पाठ केली असेल तर तो त्या वाक्याकडे पाठ करतोय. देवाकडे केली की नाही, ते इतक्यात तुम्हाला-मला कळायचं नाही, त्यालाही नाही. त्याच्यासमोर त्याच्यासाठी मोठ्याने प्रार्थना करू नका, पोरांना ती टोमण्यासारखी लागते. प्रभूच्या दाखल्यातल्या, घर सोडून गेलेल्या उधळ्या पुत्राच्या बापाने काय केलं? दूरदेशी माणूस पाठवला नाही, चिठ्ठी धाडली नाही. वाट बघत राहिला, इतकं की पोरगं दूर असतानाच त्याला दिसलं. आणि तुमचा तर घरातच आहे, रात्री जेवायला येतो. त्याने विचारलं, ‘आई, तुझा विश्वास आहे का?’ तर खरं तेच सांगा. कधी असतो, कधी नसतो, तुझ्या बाबांचा होता. पुढच्या महिन्यात त्याला उपासनेला ‘चल’ म्हणू नका, ‘खुर्च्या लावायला येशील का’ म्हणा. येईल असं वाटतं. नाही आला तर जेवण झाकून ठेवा.

तबला कपाटावर चढवून ठेवलाय असं लिहिलंत. तेवढा खाली काढा. पावसाळ्यात वर छपराला ओल धरते, पुडी सैल पडते आणि शाईला बुरशी येते. कोरड्या फडक्याने पुसून, सुती कापडात गुंडाळून त्याच्या खोलीत ठेवा. वाजव म्हणू नका.